पेवावरची खोली

“इथं नाई तो. मागे आहे,” सुलोचना म्हणाली.

मी स्टुलावर उभी होते. एक हात आढ्याला धरलेला, दुसऱ्या हातात टॉर्च. खोलीच्या मधोमध मी तीन महिन्यांपूर्वी बांधलेली सुतळी तशीच लोंबत होती, पण तिच्या टोकाला डबा नव्हता. दुपारचा एक वाजला होता आणि तरी त्या खोलीत टॉर्चशिवाय सुतळीही दिसत नव्हती.

“मागे म्हणजे कुठं?”

“न्हाणीपाशी. तू उतर पहिले, पडशील. ये, दाखवतो.”

परसात, न्हाणीच्या पत्र्याखाली, लसणाच्या जुडीशेजारी माझा डबा टांगलेला होता. पांढरा, प्लास्टिकचा, पाण्याच्या पेल्याएवढा. त्यावर मी लिहिलेला नंबर उन्हाने पुसट झाला होता. तोंडाच्या जाळीवर कोळ्याने घर केलं होतं. वाऱ्यावर तो मजेत झुलत होता.

“कधीपासून आहे इथं?”

“दसऱ्यानंतर घराले रंग दिला न, तवापासून. सारं सामान बाहेर काढलं, त्याच्यात हाही निघाला.”

“अन् मग आत नाई नेला?”

सुलोचनाने पदराने कोळ्याचं जाळं पुसायला हात पुढे केला. मी तिचं मनगट धरलं. जाळीला हात लावायचा नसतो, असं मीच घरोघरी सांगत फिरले होते. मग सोडलं. आता लावला काय नि न लावला काय. नव्वद दिवस बंद खोलीत राहायचा डबा साठ दिवस उघड्या परसात वारा खात होता.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर होते. माझे मिस्टर, बाबाराव, त्याच जागेवर होते. ते गेल्यावर मला घेतलं. शिक्षण सातवी. काम म्हणजे भांडी धुणं, बॅटऱ्या भरणं, मुलांनी तोडलेल्या वस्तूंची यादी करणं. पण माझं अक्षर चांगलं होतं आणि हात कापत नसे, म्हणून आमच्या गोमासे सरांनी मला या कामात घेतलं. साल १९९८. सरांना जिल्ह्यातल्या दोनशे घरांमध्ये रेडॉन किती आहे ते मोजायचा प्रकल्प मिळाला होता.

ओसरीवर बसून सर लोकांना समजावून सांगत. ते मूळचे हिंगणघाटकडचे, त्यामुळे खेड्यात गेले की कॉलेजातली भाषा कॉलेजातच ठेवत. “जमिनीतल्या दगडामातीत थोडं थोडं युरेनियम असतेच, साऱ्या जगात असते. त्याच्यापासून हा वायू निघते. रंग नाही, वास नाही. बाहेर निघाला की वाऱ्यावर विरून जाते. पण कोंदट खोलीत साचते. मग श्वासासोबत फुप्फुसात जाते अन् तिथं बारीक बारीक मार करत राह्यते. एका दिवसात काही होत नाही. वीस-पंचवीस वर्षं गेली की कोणाकोणाले कॅन्सर होऊ शकते. विडी ओढणाऱ्याले जास्त.”

लोक ऐकून घेत आणि सर चपला घालायला उठले की मला विचारत.

“बाई, खरं सांगा, कॅमेरा तं नोहे हा?”

“पुलगावच्या डेपोतला बारूद हुडकून राह्यले का तुमचे सर?”

त्याच उन्हाळ्यात पोखरणला स्फोट झाले होते, त्यामुळे युरेनियम हा शब्द सर्वांच्या कानावरून गेला होता आणि कोणालाही तो आपल्या घरात नको होता. गिरडला एका बाईने डब्याला लिंबू-मिरची बांधली. एका ठिकाणी पोरांनी आतली लालसर फिल्म काढून तिच्यातून सूर्य पाहिला. दोन डबे उंदरांनी खाल्ले. एक डबा हरवला तो हरवलाच. असे चार गेले तेव्हा सर मला पहिल्यांदा रागावले. रागावले म्हणजे काय, नुसते म्हणाले, “मीराबाई, पोरं हवाली केल्यासारखे डबे हवाली केले होते तुम्हाले.” मला ते फार लागलं.

रोहण्यात कोणाच्या घरी डबे लावायचे हे मीच सुचवलं होतं, कारण सुलोचना तिथली सून. आम्ही दोघी आर्वीला एका शाळेत, एका बाकावर होतो. तिचं माहेर दुकानदारांचं, आमचा बाप विटाभट्टीवर. तिचं लग्न रोहण्याच्या भैय्याजींशी झालं. किराण्याचं दुकान, मागे लांबलचक घर. मी कधी गेले की तिच्या सासूबाई, प्रमिलाबाई, मला ओसरीवर बसवत आणि चहा द्यायला सांगत. माझा कप वेगळा होता. कान तुटलेला, ओसरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरून चालणारी मी, त्या कोनाड्याकडे न पाहता चहा पीत असे. एकदा, सासूबाई समोर बसलेल्या असताना, सुलोचनाने दोन कप आणले, माझ्या हातात त्यांच्या घरचा फुलाफुलांचा कप दिला आणि स्वतः त्या कानतुटक्या कपातून चहा पिऊ लागली.  प्रमिलाबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या वेळी मी गेले तेव्हा कोनाडा रिकामा होता.

ही गोष्ट सांगितली नाही तर पुढची कळायची नाही.

त्या घरात दुकानाच्या मागे एक खोली होती, पेवावरची. पेव म्हणजे जमिनीत माणूसभर खोल खणलेलं कोठार. त्यात ज्वारी भरून तोंड शेणामातीने लिंपून टाकत, ती दोन-दोन वर्षं टिकत असे. भैय्याजींच्या आजोबांनी खणलेलं पेव आता रिकामंच होतं. तोंडावर फाडीचा चपटा दगड, त्यावर मातीची सारवलेली जमीन. खोलीला खिडकी नव्हती. तुटके पलंग, रिकामी पिंपं, तेलाचे डबे, एवढंच तिथे असायचं.

पेव म्हटल्यावर सरांचे डोळे चमकले. प्रमिलाबाईंनाही कोणीतरी विचारतंय याचा आनंद झाला.

“पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नाई,” त्या सरांना म्हणाल्या. “रातभर तोंड उघडं ठेवायचं. सकाळी दोरीले कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील इझला तं उतरायचं नाई. पेवाची वाफ माणसाले खाते. आमच्या माहेरी दोघं जण गेलते.”

“ती वाफ वेगळी, आजी,” सर म्हणाले. “ती कुजलेल्या धान्याची. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे. जमिनीतला वायू याच वाटेनं वर येऊ शकते. आपण इथंच डबा लावू.”

तिथेच डबा लावला. पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी. आणि डिसेंबरात तो काढायला मी एकटीच गेले तेव्हा तो परसात लसणाशेजारी होता.

“आत काऊन नाई नेला?” मी पुन्हा विचारलं.

सुलोचनाने मागच्या दाराची कडी लावली आणि आवाज खाली आणला.

“रुचिकाले पाहाले येणार होते. यवतमाळचे लोकं. घर पाहाले आत-बाहेर फिरणारच. विचारलं असतं, हे काय टांगलं आहे, तं काय सांगू? आमच्या घरात युरेनियम निघते का ते पाहून राह्यले म्हणू? आधीच पोरगी बावीसची झाली.”

“मग सांगायचं न मले. नवीन डबा लावला असता.”

“अन् तो किती दिवस?”

“नव्वद.”

“म्हणजे मार्च. साखरपुडा फेब्रुवारीत आहे मीरा. सारे पाहुणे इथंच उतरतीन.” तिने माझ्या हातातला फॉर्म पाहिला. “लिहून टाक न, आतच होता म्हणून. त्या खोलीत कोण राह्यते? उंदरं. उंदरायले काय होते.”

मी हसले. फॉर्मवर एक ओळ होती. डबा पूर्ण काळ नेमल्या जागी होता काय? त्यापुढे मी माझ्या चांगल्या अक्षरात ‘होय’ लिहिलं. मनात दोन गोष्टी होत्या. एक तो फुलाफुलांचा कप. दुसरी, चार डबे आधीच गेले होते आणि पाचवा वाया गेला हे सरांना सांगायची हिंमत नव्हती. कोणती मोठी होती हे मी आजवर ठरवू शकले नाही. कधी वाटतं कप. पण कपाचं नाव पुढे केलं की मी जरा चांगली दिसते, म्हणून त्यावर माझा फारसा विश्वास नाही.

डब्यातली फिल्म गरम कॉस्टिक सोड्यात दीड तास ठेवायची. वायूने जिथे जिथे मार केला असेल तिथे बारीक भोकं उघडी पडतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजायची. सरांनी मला मोजायला शिकवलं होतं. आपल्याकडे खाली काळा दगड, त्यात युरेनियम कमी, त्यामुळे बहुतेक घरांत भोकं थोडीच असत. सुलोचनाच्या घरची फिल्म मीच मोजली. विरळ ठिपके, अंगणातल्या हवेचे असावेत तसे. त्याच दिवशी रोहण्याच्याच ताराचंद यांच्या घरची फिल्म काचेखाली घेतली. त्यांचंही पेवावरचं माजघर, खिडकी नसलेलं. काचेखाली मोहरी सांडली होती जणू. मी तीनदा मोजली. सरांनी दोनदा.

दुसऱ्या रविवारी सर मला घेऊन ताराचंद यांच्याकडे गेले. सत्तरीचा माणूस, खाटेवर बसून सुपारी कातरत होता.

“पन्नास वर्षं इथंच झोपून राह्यलो साहेब. काई झालं नाई.”

“आणखी पन्नास झोपा, पण भिंतीला एक खिडकी पाडून झोपा,” सर म्हणाले. “अन् ते पेव मुरमानं भरून वरून काँक्रीट करून घ्या. खर्च जास्त नाही. दारं दिवसभर उघडी ठेवा.”

“अन् नाई केलं तं?”

“तं कदाचित काहीच होणार नाही. कदाचित होईन. तुमच्या नातवालेही होऊ शकते. मले कोणाचं नाव सांगता येत नाही.”

ताराचंदांनी सुपारी तोंडात टाकली, थोडा वेळ चघळली आणि गवंड्याला निरोप पाठवला. नातवाचं नाव निघाल्यावर फार वेळ लावला नाही.

परत येताना बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. आर्वीचा रस्ता लागला. मग म्हणाले, “भैय्याजीच्या घरी कमी कसं आलं? तसलंच पेव, तसलीच खोली.” माझ्याकडे वळले. “डबा तिथंच होता न, मीराबाई?”

“हो सर.”

एकदा कागदावर, एकदा तोंडाने. सरांनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर पाहू लागले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्यांनी जरा कमी ठेवला असता तर बरं झालं असतं, असं म्हणणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देणं. तरी कधीकधी म्हणते.

मार्चमध्ये, आकडा कमी आलेल्या प्रत्येक घराला आभाराचं कार्ड गेलं. मजकूर सरांचा, अक्षर माझं. ‘आपल्या घरातील रेडॉनचे प्रमाण सुरक्षित मर्यादेत आढळले.’ भैय्याजींचं कार्ड लिहिताना मी थांबले होते. शाई वाळेपर्यंत त्याकडे पाहत बसले. मग ते गठ्ठ्यात घातलं. रुचिकाचं लग्न मे महिन्यात होतं. लग्न होऊन जाऊ दे, मग सुलोचनाला एकटीला गाठून सांगू, तिथे कोणी राहत तर नाही, असा मी विचार केला.

लग्न झालं. मी वरण रांधलं, पंगतीत वाढलं. सांगितलं नाही, कारण लग्नघरात असलं बोलत नाहीत. पावसाळ्यात जाणं झालं नाही. दिवाळीनंतर गेले तेव्हा सुलोचना ओसरीवर नव्हती.

“आत ये,” तिचा आवाज आला. “माह्या खोलीत.”

पेवावरच्या खोलीत शिलाईमशीन होतं. ट्यूबलाइट होती. एक पलंग, भिंतीला निळसर रंग. जमिनीवर तिने स्वतः सारवून वर चटई टाकली होती. सुलोचना पोलक्याला हुक लावत होती. गावातल्या बायकांचं शिवणकाम ती आधीपासून करायची, पण ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर आणि दुकानाच्या धुळीत.

“कशी आहे?” तिने विचारलं. “उन्हाळ्यात इथं इतकं थंड राह्यते का, बाहेर सत्तेचाळीस अन् आत मटक्यासारखं. लू यायचं नाव नाई. मी तं झोपतोही इथंच. यायच्या घोरण्यातून सुटली.”

“सासूबाई काय म्हणाल्या?”

“म्हणे, पेवावर कोणी झोपते का. लय किरकिर केली. मंग मी तुहं कार्ड दाखवलं. म्हटलं, कॉलेजातून लिहून आलं आहे, पाहा. मीराच्या हातचं आहे. चूप झाल्या.”

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. ते ऐकून मला भीती वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. पहिल्यांदा मला बरं वाटलं. ज्या बाईने माझा कप कोनाड्यात पालथा घातला, ती माझ्या अक्षरापुढे चूप झाली. मी बाहेर ओसरीवर आले तेव्हा प्रमिलाबाई वाती वळत बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तुमचं शास्त्र मोठं बाई. आमाले काय समजते.” मी नुसतं हसले. त्या बरोबर होत्या आणि ते सांगायला दोन शब्द पुरले असते.

त्या दिवशी निघताना सुलोचनाला एवढंच म्हणाले, “दार उघडं ठेवत जा गं. हवा येऊ दे.”

“दुकानातली मिरचीपूड येते आत. खोकून मरीन.”

पुढे वर्षातून दोन-तीनदा जाणं होई. दर वेळी ती त्याच खोलीत. दर वेळी मी दार उघडी, ती थोड्या वेळाने पायाने लोटी. प्रमिलाबाई २००२ मध्ये गेल्या. प्रकल्पाची वही कपाटात गेली, सर निवृत्त झाले, मग मी झाले. वेळ जाऊ दिला की खोटं जड होत जातं. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर सुलोचना मला दोन शिव्या देऊन मशीन पुन्हा ओसरीवर नेती. पाचव्या वर्षी सांगायचं म्हणजे पाच वर्षांचा जाब द्यायचा. आणि तिला काही झालेलंही नव्हतं. धडधाकट होती. मशीनवर पाय माझ्यापेक्षा जोरात मारायची.

२००७ च्या पावसाळ्यात खोकला लागला. गावच्या दवाखान्यात टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. अंगावरचं मांस उतरलं तेव्हा वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथे कळलं. फुप्फुसाचा कॅन्सर, पसरलेला.

मी रोज डबा घेऊन जात असे. भाताची पेज, कधी मुगाचं वरण. ती दोन घास खायची आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईला माझी ओळख करून द्यायची.

“ही माही शाळेतली मैतरीन. कॉलेजात सायन्सच्या खात्यात होती.”

मग मला म्हणायची, “डॉक्टर विचारते, तंबाखू खाता का, विडी ओढता का. म्हटलं, साहेब, मी नाई ओढत. चाळीस वर्षं यायनं ओढली, मी तिचा धूर ओढला. अन् चुलीचा. डॉक्टर पोरगा हसला बिचारा.”

एकदा संध्याकाळी वॉर्डात आम्ही दोघीच होतो. भैय्याजी खाली औषध आणायला गेले होते. मी तिच्या पायांना तेल लावत होते. आता नाही तर कधीच नाही, असं मला कळत होतं.

“सुलो,” मी म्हटलं, “तो डबा आठवते का तुले? न्हाणीपाशी टांगलेला?”

तिने डोळे मिटूनच आठवून पाहिलं.

“कोणता डबा?”

“सरांचा. रुचिकाच्या लग्नाच्या आधी.”

“रुचिकाच्या लग्नात,” ती म्हणाली, “तू लय राबली. तुह्या हातचं आहे हे मी कोणाले नाई सांगितलं, पण तुहं वरण साऱ्यायले आवडलं होतं.” मग जरा वेळाने, “कोणत्या डब्याचं म्हणत होती?”

“काई नाई,” मी म्हटलं. “झोप.”

२००९ च्या जानेवारीत ती गेली.

तेराव्यानंतर मी गोमासे सरांच्या घरी गेले. ते बागेला पाणी देत होते. मी त्यांना सर्व सांगितलं. न्हाणी, लसूण, ‘होय’. त्यांनी नळ बंद केला आणि ओट्यावर बसले. नळी हातातच होती.

“म्हणजे ताराचंदसारखीच असणार ती खोली,” ते म्हणाले.

“सर, त्याच्यानंच झालं का तिले?”

“ते सांगता येत नाही. चुलीचा धूर होता. भैय्याजीची विडी होती. त्या खोलीत नऊ वर्षं होती, ती कमीही म्हणता येतात अन् जास्तही. शंभर माणसं असती तं मी आकडा सांगितला असता. एका माणसाचं शास्त्राले सांगता येत नाही, मीराबाई.”

मला वाटलं होतं, ते म्हणतील हो किंवा म्हणतील नाही. हो म्हणाले असते तर मी शिक्षा मागितली असती. नाही म्हणाले असते तर घरी जाऊन झोपले असते.

“तिथं आता कोण झोपते?” सरांनी विचारलं.

 हा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता. इतके दिवस मी फक्त माझ्या पापाचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने रोहण्याला गेले. भैय्याजी दुकानात एकटेच होते. दाढी वाढलेली. मला पाहून त्यांनी गल्ल्यामागचं स्टूल पुढे केलं आणि आतल्या दाराकडे तोंड करून सुनेला चहा टाकायला सांगितलं.

“भैय्याजी, सुलोचनाच्या खोलीत आता कोण असते?”

“आचल. आमच्या पोराची, पियुषची पोरगी. अभ्यासाले शांत लागते म्हणते. तिसरीत आहे, पण असं बसते का कलेक्टर होणार आहे.” ते थोडं हसले. “आजीची खोली म्हणते, दुसऱ्याले येऊ देत नाई. रातीही तिथंच.”

मग मी सांगितलं. जसं घडलं तसं, क्रमाने, वही वाचून दाखवावी तसं. ते गल्ल्यावर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मधे एक बाई साबण मागायला आली, तिला त्यांनी साबण दिला आणि पुन्हा तसेच बसले.

“डबा बाहेर तं आमीच नेला होता,” ते म्हणाले. “तो खिळा मी ठोकला. ते तुमच्यावर नाई.”

त्यांनी साबणाचे पैसे गल्ल्यात टाकले.

“पण ताराचंदच्या घरचं समजलं, तवा तुमाले आमचंही समजलं असन.”

“हो.”

“म्हणजे लगनाच्या आधी.”

“हो.”

“अन् तिनं मशीन आत नेली, ते पाह्यलं तुमी.”

“हो.”

त्यांनी गल्ल्यावरची धूळ तळहाताने पुसली. नव्हतीच धूळ.

“मायनं नाई म्हटलं होतं,” ते म्हणाले. “मी मायलेच रागावलो. म्हटलं, तुले काय समजते.”

चहा आला. त्यांचा आणि माझा. सून कप ठेवून जायला वळली तेव्हा भैय्याजींनी आतल्या बाजूला हाक दिली. “आचल, बाहेर ये. पुस्तकं घेऊन ये सारी.”

“काऊन आबाजी?”

“ये म्हटलं न. आजपासून इथं बसायचं. झोपायचं बी इथंच.”

पोरगी दप्तर ओढत बाहेर आली, उजेडात डोळे बारीक करून, आणि पोत्यांशेजारी पायरीवर फतकल मारून बसली. सुनेने सासऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  भैय्याजी उठले, आत गेले. पेवाच्या तोंडावर काठी आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, पोकळ. मग ते परत आले आणि चहाला हात न लावता म्हणाले, “चला, बस येईन आता.”

माझा चहा अर्धा होता. मी कप खाली ठेवला.

थांब्यापर्यंत त्यांनी माझी पिशवी धरली. चाळीस वर्षांत ते मला कधी पोहोचवायला आले नव्हते, सुलोचनाच यायची. निंबाच्या सावलीत आम्ही उभे राहिलो, मधे दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. मी म्हटलं, मुरूम भरून काँक्रीट करून घ्या, खिडकी पाडा, नसेल होत तर सरांना सांगते, ते येतील. त्यांनी मान हलवली. कोणत्या गोष्टीला हलवली ते कळलं नाही.

बस आली. त्यांनी पिशवी वर दिली आणि कंडक्टरला म्हणाले, “बाईले वर्ध्याले नीट उतरवजो.” मी मागच्या खिडकीशी बसले आणि काच सरकवली.

आमच्या भागात दारातून परत जाणाऱ्याला ‘येजो’, म्हणजे पुन्हा ये, म्हणतात. भांडून निघालेल्या माणसालाही म्हणतात, सवयीने निघून जातं तोंडातून. भैय्याजी निंबाखाली उभे होते, तोंड माझ्याकडेच होतं. बस वळेपर्यंत मी काच उघडीच ठेवली होती.